दोन रांगांतली उंची

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असे आईने बजावले आहे. म्हणून लिहिताना कोणाचेही नाव घेत नाही. दृष्टांतात असतात तशीच माणसे ठेवते: एक व्यापारी, त्याची मुले आणि एक वृद्ध गुरुजी. व्यापारी म्हणजे माझे बाबा, एवढे मात्र लपवता येणार नाही.

एकदा एक तयार कपड्यांचा व्यापारी पेढे घेऊन आपल्या जुन्या गुरुजींकडे गेला. गुरुजी कधीच निवृत्त झाले होते, तरी सकाळी प्रार्थनेच्या वेळी शाळेत येऊन व्हरांड्यात बसत. व्यापाऱ्याबरोबर त्याचा मुलगा होता आणि मुलाहून वर्षाने मोठी असलेली मुलगीही होती. दोघांनाही एमबीए करायचे होते. फी मात्र एकाचीच झेपणार होती. ज्याचा निकाल चांगला तो शिकेल आणि दुसरा दुकानात बसेल, असे घरात ठरले होते.

“गुरुजी, आशीर्वाद द्या,” व्यापारी म्हणाला. “पोरानं राज्याच्या प्रवेश परीक्षेत चौऱ्याण्णव पर्सेंटाइल काढले. ही देशभराच्या परीक्षेला बसली होती, हिला त्र्याऐंशी. आता यालाच पाठवतो.”

मुलगा खाली बघत होता.

गुरुजींनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. “घंटा होतेय,” ते म्हणाले. “तुम्ही दोघं आधी रांगेत उभे राहा बघू.”

मुलाला त्यांनी चौथीच्या रांगेत पाठवले आणि मुलीला व्हॉलीबॉल संघाच्या मुलींमध्ये. आमच्या शाळेत रांग उंचीने लावतात. बुटके पुढे, उंच मागे. मुलगा अर्थातच शेवटी जाऊन उभा राहिला. पुढची पोरे जेमतेम त्याच्या छातीपर्यंत येत होती.

“बाई, हा दादा नापास झाला का हो?” एका मुलीने विचारले आणि रांगभर खसखस पिकली. मी, त्या दोघांची धाकटी बहीण, नववीच्या रांगेत होते. मी मान खाली घातली.

मुलीला संघातल्या मुलींनी खांद्याला खांदा लावून पाहिले आणि मध्ये उभे केले.

“बोला शेठ,” गुरुजी म्हणाले, “दोघांत उंच कोण? तुमचा मुलगा त्याच्या रांगेत सगळ्यांत उंच आहे. मुलगी बिचारी मध्येच अडकलीय.”

“थट्टा करता का गुरुजी? तो पोरासोरांत उभा आहे. रांगाच वेगळ्या आहेत!”

“मग पेढे कशाचे वाटताय? पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. चौऱ्याण्णव म्हणजे त्या परीक्षेला बसलेल्या शंभरातले चौऱ्याण्णव याच्या खाली राहिले. पण रांगेत कोण कोण उभे होते, हे तो आकडा सांगत नाही. दुकानात तुम्हीच गिऱ्हाइकाला बजावता ना, या कंपनीचा चाळीस नंबर त्या कंपनीच्या अडतीसएवढा येतो म्हणून?”

व्यापाऱ्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, “मग ठरवायचं कसं?”

“दोन्ही रांगांत उभा राहिलेला एखादा मिळाला, तर त्याच्यावरून काही अंदाज येतो.”

“असा माणूस आता कुठून आणू?”

मुलीने चटकन भावाकडे पाहिले आणि तितक्याच चटकन नजर वळवली. मुलगा रांगेतून बाहेर आला.

“बाबा, मी दोन्ही दिल्या होत्या. देशाची पण.”

“कधी?”

“ताईबरोबरच. एकाच केंद्रावर.” तो थांबला. “मला एकसष्ट मिळाले.”

मैदानावर प्रार्थना सुरू झाली होती. व्यापारी मुलीकडे वळला. “तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते, बाबा,” ती म्हणाली. “आणि मला वाटलं, तो सांगेल.”

मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकले. गुरुजी उठून त्याच्याजवळ गेले. “माप चुकतं, बाळ. बापाचं चुकलं, ते आज दुरुस्त झालं. पण चुकलेलं माप आपल्या फायद्याचं असलं की ते चुकलंय हे माहीत असून माणूस गप्प बसतो. तू बहिणीच्या जागेवर गप्प बसला होतास. आज जी लाज वाटतेय ती झटकू नकोस. ती तुला पुढे उपयोगी पडेल.”

त्या रात्री जेवताना बाबांनी ताईला वाढले, आणि ताटाकडेच बघत म्हणाले, “तू जा. माझी चूक झाली.” दादा दुसऱ्या दिवसापासून न सांगता दुकानात जाऊ लागला. आता कोणी कोणाच्या मुलाचा निकाल सांगू लागले, की बाबा आधी विचारतात, “रांग कुठली होती?” आणि लगेच गप्प होतात.

काल दादा ताईची बॅग बांधत होता. ताई त्याला म्हणाली, “पुढच्या वर्षी पुन्हा बसशील ना परीक्षेला?” दादाने बॅगेचा पट्टा ओढला, पुन्हा सैल केला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला की बसेन, पण या वेळी निकाल लागला की सगळ्यांत आधी तुला फोन करून…

“अगं, वर काय लिहीत बसलीस? खाली ये, ताईची रिक्षा आली!”