रोजचा, येण्याजाण्याचा आणि ठेवणीतला

"दुकानाला आजच्या आज कुलूप लावा!" उदेभान महाराज गरजले.

टेंभगडच्या या राजाचा स्वतःचा मोबाइल फोनचा कारखाना होता आणि गडाखाली सरकारी दुकान. दुकानात केरबा विक्रीला बसायचा. त्याची चूक एवढीच, की महाराजांनी सासऱ्यांच्या साठीला भेट म्हणून 'उदेभान नऊ प्रो' मागवला आणि त्याने 'उदेभान नऊ प्रो प्लस निओ' दिला. नाव लांब, म्हणजे फोन भारी, असं त्याला वाटलं. तो निघाला सगळ्यांत स्वस्त! सासरेबुवांनी फोन परत पाठवला आणि वर निरोप दिला, "जावईबापूंचे दिवस ओढाताणीचे दिसतात. दोन पोती तांदूळ पाठवू का?"

"महाराज," केरबा हात जोडून म्हणाला, "बारा फोन, आणि बाराही उदेभानच! प्रो, प्लस, निओ, मॅक्स... गिऱ्हाईक गोंधळतं, मीही गोंधळतो."

"म्हणजे चूक माझ्या नावाची? बरं! उद्या दुपारपर्यंत दुसरी नावं आण. पण ऐक. त्यात आकडा नको, इंग्रजी शेपूट नको. नाव ऐकताच अडाण्यालाही कळलं पाहिजे, कोणता भारी आणि कोणता साधा. साधा घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये. एकही फोन बंद करायचा नाही. आणि दरवर्षी नवे फोन निघतील, त्यांना पुन्हा नवी नावं शोधायला लावायची नाहीत! जमलं तर दुकान तुझं, नाहीतर कुलूप!"

दिवाणजींनी लगेच हुशारी दाखवली. "सोपं आहे, महाराज! हत्ती, घोडा आणि शेळी!"

"म्हणजे लोक खिशात शेळी घेऊन फिरणार?"

"मग सोनं, चांदी, पितळ?"

"पितळ कोण विकत घेईल, दिवाणजी? तुम्ही घ्याल?"

दिवाणजी पागोटं सावरत मागे सरकले.

केरबा घरी आला तो भाकरीला हातही लावेना. त्याची बायको सारजा राजवाड्यातल्या कपड्यांना इस्त्री करायची. समोर राणीसाहेबांच्या साड्यांचा ढीग होता. तिने सगळं ऐकलं, हातातली साडी घडी करून एका चळतीवर ठेवली, दुसरी दुसऱ्या चळतीवर ठेवली आणि एकदम हसली.

"जेवा मुकाट्याने. उद्या मी येते दरबारात."

दुसऱ्या दिवशी सारजा केरबाबरोबर साड्यांचं गाठोडं घेऊनच दरबारात उभी राहिली.

"काय गं, नावं आणलीस की कपडे?" महाराजांनी विचारलं.

"नावं कपड्यांतच आहेत, महाराज. आधी ते बारा फोन बघू द्या." तिने एकेक फोन उलटसुलट करून पाहिला. "हे चार तर एकच आहेत! पाठीचा रंग तेवढा वेगळा."

महाराजांनी कारखान्याच्या कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभारी छताकडे पाहू लागला.

"म्हणजे उरले नऊ. बंद एकही केला नाही हं!" सारजाने नऊ फोनच्या तीन चळती लावल्या. "आमच्या घरी असो की राणीसाहेबांच्या, कपाटात चळती तीनच. रोजचं, येण्याजाण्याचं आणि ठेवणीतलं. म्हणून हा रोजचा, हा येण्याजाण्याचा, हा ठेवणीतला. प्रत्येकात लहान-मोठा आहेच, तर त्यांना म्हणा थोरला, मधला, धाकटा. झाली नावं!"

महाराजांना इतक्यात हार मानायची नव्हती. त्यांनी अंगण झाडणाऱ्या भागूआजीला बोलावलं. तिला अक्षरओळख नव्हती. सारजाने नऊ नावं म्हणून दाखवली.

"आजी, सगळ्यांत भारी कोणता?"

"ठेवणीतला थोरला. हे काय विचारणं झालं?"

"आणि तू कोणता घेशील?"

"रोजचा थोरला. मला बारीक दिसत नाही."

"रोजचा घेताना लाज नाही वाटणार?"

आजीने खराटा जमिनीवर आपटला. "रोजच्याची कसली आलीय लाज? मी काय शालू नेसून अंगण झाडू? राणीसाहेबसुद्धा घरात साधंच नेसतात!"

पडद्याआडून राणीसाहेब खुदकन हसल्या. महाराजांनी मिशा चावल्या.

"ठीक! पण पुढच्या वर्षी नवा फोन निघाला, की त्याचं नाव?"

"ठेवणीतला."

"मग आत्ताचा ठेवणीतला?"

"नवी साडी आली की काय होतं, महाराज? जुनी ठेवणीतली येण्याजाण्याची होते आणि येण्याजाण्याची रोजची होते. फोनचंही तसंच. एकेक पायरी खाली आणा, दर उतरवा. नावं तीच, चळती त्याच!"

दरबारात कुजबुज झाली. दिवाणजींनी मान डोलावली आणि महाराजांकडे बघून लगेच थांबवली.

"सापडलीस!" महाराज सिंहासनावरून पुढे झुकले. "आणि रोजचा जुना झाला, की तो कुठे जाणार? चौथी चळत तर तू सांगितलीच नाहीस!"

सारजाने गाठोडं सोडलं. वरच्या साड्या बाजूला केल्या आणि तळाची रंगीबेरंगी घडी महाराजांच्या पुढ्यात उलगडली.

"त्याची गोधडी, महाराज! जुने फोन परत घ्या, मोडा, आणि चांगले भाग दुसऱ्यांच्या दुरुस्तीला लावा. ही राणीसाहेबांच्या जुन्या साड्यांची आहे. तुम्ही रोज हीच पांघरता!"

महाराजांनी गोधडीकडे पाहिलं, राणीसाहेबांच्या पडद्याकडे पाहिलं आणि असे हसले, असे हसले, की मुकुट कानावर आला.

"केरबा, दुकान आजपासून तुझं! आणि सासरेबुवांना ठेवणीतला थोरला जाऊ दे, तांदूळ नको म्हणावं! सारजा, तुलाही एक ठेवणीतला थोरला बक्षीस!"

"नको महाराज, मला रोजचाच द्या."

"का गं?"

"ठेवणीतला मी पेटीत घालून ठेवीन. मग तुमचा फोन आला, तर उचलणार कोण?"

महाराज पुन्हा हसू लागले. त्यांनी तिला दोन्ही दिले.