शेपटेबाईंची मांडणी आणि हत्तीची उचकी

माणसाने अरण्यात अजून पाऊलही टाकले नव्हते, तेव्हाची ही हकीकत. शेपटेबाई नावाच्या खारीने प्रत्येक झाडाच्या फळांसाठी वेगळी ढोली राखली होती आणि ढोलीत फळे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडली होती.

एके सकाळी हत्तीला उचकी लागली. प्रत्येक उचकीसरशी झाडे हादरत आणि घरट्यांतली अंडी घरंगळत. वैद्य अस्वलाने सांगितले, "सुपारीएवढी असतील तेवढी सगळी फळे त्याला एकदम गिळायला द्या."

"कोणत्या झाडाची?" शेपटेबाईंनी विचारले.

"कोणत्याही!"

"आधी झाड, मग आकार. माझ्या मांडणीचा तसा नियम आहे," असे म्हणत त्या एकेका ढोलीत चढू-उतरू लागल्या. तिसऱ्या ढोलीपाशीच त्यांना धाप लागली. "उच्चक्!" साळुंकीचे घरटे तिरके झाले.

"अहो बाई, मांडणी राहू द्या! सगळ्या ढोल्या रिकाम्या करा!" साळुंकी किंचाळली. माकडांनी फळे खाली ओतली, सर्वांनी मिळून ढिगातून सुपारीएवढी फळे निवडली, हत्तीने ती गिळली आणि उचकी थांबली. शेपटेबाईंनी मात्र सगळ्या ढोल्या पुन्हा पहिल्यासारख्या लावल्या आणि साळुंकीशी अबोला धरला.

पुढे हत्तीला शिंका सुरू झाल्या. अस्वल म्हणाले, "उंबराची सुपारीएवढी फळे हवीत." माकडे लगेच ढोल्या ओतायला धावली.

"थांबा रे मेल्यांनो!" साळुंकी ओरडली. "आज बाईंनाच जाऊ द्या."

दुसरी शिंक येण्यापूर्वी फळे हजर झाली.

"पाहिलीस माझी मांडणी?" शेपटेबाईंनी शेपटी फुलवून अबोला सोडला.

"पाहिली हो. आजची मागणी आधी झाड सांगत तिच्या दारातून आत आली. त्या दिवशीची नुसता आकार घेऊन खिडकीतून घुसली होती."