ब्रसेल्सचा आज्ञाधारक जावई

एका गावात एक भोळा जावई होता. गावाचं नाव ब्रसेल्स, जावयाचं नाव श्रीरंग. हा श्रीरंग म्हणजे मीच, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या इथल्या मराठी मंडळात ही गोष्ट माझ्या देखत सांगतात आणि वर मलाच हसायला लावतात. त्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

माझी बायको ऋजुता पोटुशी होती. आठवा महिना लागलेला. तिचे आईबाबा वाईहून पहिल्यांदाच युरोप बघायला आले होते. ऋजुताला एकच हवं होतं, की बाबांनी परत जावं आणि आईने बाळंतपणाला मागे राहावं. पण बाबा पडले हेडमास्तर. निवृत्त झाले तरी हेडमास्तरच. त्यातून त्यांना चहासुद्धा करता येत नाही. ते आईंना सोडतील कशाला?

"तू त्यांना छान फिरवून आण," ऋजुता म्हणाली. "बाबा खूश झाले की मी विषय काढते. सगळं तुझ्यावर आहे हं, श्रीरंग."

तिला डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. म्हणून ती घरी आणि आम्ही तिघे दौऱ्यावर. निघताना तिने बजावलं, "आईबाबा भिडस्त आहेत. हॉटेलात नको नको म्हणतील. ते खरं नसतं. आग्रह करायचा."

"बरं," मी म्हटलं. मी आज्ञाधारक माणूस.

पहिला मुक्काम लिस्बन. त्या दिवशी नेमकी संकष्टी. बाबांचा कडक उपास. चंद्र बघितला आणि उपास सोडायला एका खानावळीत शिरलो. आम्ही काही मागवायच्या आधीच वेटरने पाव, ऑलिव्ह आणि वाटीभर गुलाबीसर चटणी आणून ठेवली. मला वाटलं, काय अगत्यशील लोक!

"नको," बाबा म्हणाले.

"घ्या हो."

"नको, खरंच नको."

"माझ्यासाठी."

बाबांनी चटणी पावाला लावून खाल्ली. मी आणखी वाढली. त्यांनी तीही खाल्ली.

"चव निराळी आहे," बाबा म्हणाले. "गाजराची का?"

मी वेटरला विचारलं. तो म्हणाला, सार्डिनची. बाबांनी जन्मात अंडं खाल्लं नव्हतं आणि मी त्यांचा उपास माशावर सोडवला होता. शिवाय ते अगत्य बिलात लावलं होतं, ते वेगळंच.

ऋजुता फोनवर म्हणाली, "अरे, तिकडे न मागता आणून ठेवतात आणि बिलात लावतात! न मागता कोणी काही पुढे केलं की हात जोडायचे आणि नको म्हणायचं."

"बरं," मी म्हटलं आणि पक्कं ध्यानात ठेवलं.

पुढचा मुक्काम प्राग. बाहेर बर्फ. आम्ही एक राजवाडा बघायला गेलो. दारातच कोट काढून ठेवायची सोय होती. तिथल्या बाईने आमचे कोट आत टांगले आणि माझ्यापुढे एक पितळी बिल्ला धरला. मी काही मागितला नव्हता. मी हात जोडून म्हटलं, "नको."

तिने पुन्हा पुढे केला. मी पुन्हा हात जोडले. तिनेही मग हात जोडले. मला वाटलं, किती पटकन शिकली!

राजवाडा बघून परत आलो तर बाई म्हणे, "बिल्ला?" आमचे कोट समोर दिसत होते. आईंच्या कोटाच्या खिशातून त्यांची कानटोपीसुद्धा डोकावत होती. पण बिल्ला नाही तर कोट नाही. शेवटी सगळा राजवाडा रिकामा होईपर्यंत आम्ही थांबलो. सगळ्यांचे कोट गेले, तीनच उरले, तेव्हा तिने ते दिले. तोवर बाबांनी दाराच्या गार वाऱ्यात सतरा शिंका दिल्या होत्या. बोलले मात्र काही नाहीत. हेडमास्तर बोलत नाहीत तेव्हाच पोरांनी घाबरायचं असतं.

ऋजुताने कपाळाला हात लावलेला मला फोनवरसुद्धा ऐकू आला. "अरे देवा! कोणी काही हातात दिलं की घ्यायचं, खिशात घालायचं आणि जपायचं! हरवलं तर बघ!"

"बरं," मी म्हटलं.

मग रोम. तिथे एका मोठ्या कारंज्यापाशी ही गर्दी. एका बाईने माझ्या हातात आपला मोबाइल दिला आणि नवरा-मुलांना घेऊन कारंज्यापुढे हसत उभी राहिली. मी मोबाइल घेतला. खिशात घातला. वरून बटण लावलं. ती माणसं हसतच होती. मीही हसलो, हात हलवला आणि जेवायला निघालो.

बाबांसमोर नुसत्या टोमॅटोचा पास्ता आला होता. लिस्बननंतर त्यांनी प्रथमच निर्धास्तपणे घास उचलला. तेवढ्यात माझा खिसा वाजायला लागला. पाठोपाठ ती बाई आली. तिच्यामागे नवरा, मुलं आणि दोन पोलीस. सगळी खानावळ आमच्याकडे बघायला लागली.

"जपून ठेवलाय," मी पोलिसांना बटण दाखवलं.

कशीबशी सुटका झाली. बाबांनी काटा खाली ठेवला आणि आईंकडे वळले. "अगं, पोरीचं पहिलं बाळंतपण आणि घरात मोठं माणूस म्हणून हे! यांच्या भरवशावर तिला टाकून जायचं? तू थांब. मी एकटा जाईन. चहा शिकेन."

मला आनंदाचं भरतं आलं. जे गोड बोलून झालं नसतं ते माझ्या गाढवपणाने झालं होतं! ऋजुता तर फोनवर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पण एक लक्षात ठेव. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातात आली तर ती ज्याची त्याला लगेच परत द्यायची."

"बरं," मी म्हटलं.

आम्ही ब्रसेल्सला परतलो. ऋजुताने आईंची बॅग उपसून साड्या कपाटात लावल्या. बाबांची निघायची तारीख आली. आईंचं तिकीट पुढे ढकलायचं काम विमानतळावरच्या खिडकीवर होणार होतं, म्हणून पासपोर्ट घेऊन त्याही आल्या. ऋजुता घरी आईंसाठी पलंग लावत होती.

आत जाताना बाबा थांबले. त्यांनी आईंचा हात माझ्या हातात दिला. "जावईबापू, चाळीस वर्षांत हिला कुठे एकटं सोडलं नाही. आज तुमच्या हाती देतोय." आणि डोळे पुसत ते आत गेले.

मी हाताकडे बघितलं. आई बाबांच्या. हातात माझ्या.

मी खिडकीवर गेलो. "ह्या बाई आत्ता आत गेलेल्या गृहस्थांच्या आहेत," मी म्हटलं. "त्यांच्याबरोबर जाऊ द्या." तिकीट त्याच विमानाचं होतंच. खिडकीवरच्या माणसाने बोर्डिंग पास दिला.

"हे काय हो?" आईंनी विचारलं.

"बिल्ला आहे, आई. जपून ठेवा. बाबा आत आहेत, भेटून या."

आईंचा चेहरा असा खुलला की काय सांगू! "बरं झालं बाई! चहात साखर किती घालायची ते सांगायचंच राहिलं होतं," म्हणाल्या आणि लगबगीने आत गेल्या.

विमान उडालेलं बघून मी घरी आलो. दारात ऋजुता औक्षणाचं तबक घेऊन उभी. तिने माझ्या पाठीमागे बघितलं. मग जिन्यात वाकून बघितलं.

"आई कुठेय?"

"ज्यांच्या त्यांना परत दिल्या."

ऋजुता खुर्चीत बसली. आत आईंच्या पलंगावर नवी चादर घातलेली होती. पण पाठ केलेला धडा मी चुकलो नव्हतो, एवढं समाधान होतं.

मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "श्रीरंग, आता नीट ऐक. पुढच्या महिन्यात दवाखान्यातली नर्स तुझ्या हातात आपलं बाळ देईल. ते खिशात घालायचं नाही. कोणाला परत द्यायचं नाही. आणि हात जोडून नको तर मुळीच म्हणायचं नाही. कळलं?"

"बरं," मी म्हटलं. "बिल्ला मिळेल ना?"