पहिला मान महाराजांचा

टाकळगडच्या राज्यात भाषा चार होत्या. सरकारी वेबसाइट चारही भाषांत असल्याची दवंडीही पिटून झाली होती. पण वेबसाइट मात्र हट्टाला पेटल्यासारखी सगळ्यांशी मराठीतच बोलत होती! कानडीचं बटण दाबा, मराठी. उर्दूचं दाबा, मराठी. एका तेलुगू विणकराने नळजोडणी मागायला अंदाजानेच एक बटण दाबलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात वरातीसाठी भाड्याचा सरकारी हत्ती उभा राहिला!

विणकर त्याच हत्तीवर बसून दरबारात तक्रार घेऊन आला.

"विश्राम!" महाराज कडाडले. "काय हा प्रकार?"

वेबसाइटचा कारभारी विश्राम पुढे आला. "महाराज, माझ्याकडे तर नीट चालतंय!"

"मग काय, अख्खी रयत तुझ्या घरी पाठवू? उद्या सकाळपर्यंत दुरुस्त कर, नाहीतर हत्तीखान्यात रुजू हो. हत्तींना भाषेची अडचण नसते!"

विश्राम तोंड पाडून घरी आला. त्याची बायको कालिंदी माप ओलांडून आल्यापासून गप्पच होती. शेजारणी म्हणत, "किती सालस सून मिळाली!" खरी गोष्ट एवढीच होती, की घरात कुणाला काय हाक मारायची हे तिचं अजून ठरत नव्हतं. माहेरी तिने हेच वेबसाइटच्या फ्रेमवर्कचं, म्हणजे आतल्या सांगाड्याचं, काम केलं होतं. पण इथे कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगावं तर भाकरीवरून तिची आधीच पुरेशी कीर्ती झाली होती.

"अहो, मी बघू का?" तिने विचारलं.

"बघ बाई. याहून वाईट काय होणार?"

याहून वाईट काय होऊ शकतं, ते कालिंदीने लगेच दाखवून दिलं. दोष भाषांतराच्या फायलींत असणार असं तिने छातीठोकपणे ठरवलं, फायलींची नावं बदलली, आणि महाराजांच्या नावामागची सगळी बिरुदं गायब होऊन तिथे 'इथे_बिरुदे_टाका' असं झळकू लागलं!

"अगं, हत्तीखाना राहिला बाजूला, आता सुळीच देतील मला!" विश्राम ओरडला.

तिने घाईघाईने सगळं पूर्ववत केलं आणि स्वतःच्या हुशारीला मनातल्या मनात कोपरापासून हात जोडले. तेवढ्यात सासूबाईंनी चहा पुढे केला. कालिंदीने घोट घेतला. बिनसाखरेचा, आल्याने जळजळीत. घरचा शिरस्ता असा, की पहिला कप मामंजींचा, त्यांच्या चवीचा. आणि मग त्याच पातेल्यातला चहा पुन्हापुन्हा गरम करून सगळ्यांना. तोंड वाकडं न करता तिने तो गिळला आणि कप हातातच राहिला.

"अहो, रोज सकाळी वेबसाइट सगळ्यांत आधी कोण उघडतं?"

"महाराज! पहाटे जुनी पानं पुसायची, मग शंख वाजतो आणि महाराज बटण दाबतात. पहिला मान त्यांचा."

"कुठल्या भाषेत?"

"मराठीत. दुसरी येते कुठे त्यांना?"

कालिंदी हसली. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून दुरुस्ती केली आणि सकाळी विश्राम तिला घेऊनच दरबारात गेला. "समजावून तूच सांग," तो म्हणाला. "माझी बोबडी वळते."

महाराज बटणाशी बोट नेऊन बसले होते. शंखवाल्याने गाल फुगवले होते.

"थांबा, महाराज!" कालिंदी म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला, की तीच दचकली. "खोड इथेच आहे!"

"माझ्या बोटात?"

"मानात, महाराज. सरकारी यंत्रात फ्रेमवर्क पहिल्यांदा मागितलेलं पान शिजवून झाकून ठेवतं आणि दिवसभर येईल त्याला तेच वाढतं. पहिलं पान आपलं, ते मराठी. म्हणून सगळ्या राज्याच्या ताटात मराठी! आमच्या घरच्या यंत्रात असं काही झाकून ठेवत नाहीत, म्हणून तिथे नीट चालतं. आता आम्ही दर भाषेचं पातेलं वेगळं केलंय."

महाराजांनी मिशीवर ताव दिला. "शाब्बास! म्हणजे कानडी पान आधी कोण उघडणार?"

"जो आधी येईल तो, महाराज," प्रामाणिक विश्राम बोलून गेला.

"काय? माझ्या राज्यात पहिला मान सोम्यागोम्याचा? अजिबात नाही! रयतेला आपापली भाषाही मिळाली पाहिजे आणि पहिला मानही माझाच राहिला पाहिजे. जमत नसेल तर हत्तीखाना!"

विश्रामने डोळे मिटले. कालिंदीने पदर सावरला.

"महाराजांवर आजवर अन्यायच झालाय म्हणायचा!"

"माझ्यावर? कुणी केला?"

"पातेली चार, आणि आपल्याला मान एकच! खरं तर आपण चारही भाषांतली पानं आधी उघडायला हवीत. रोज चार मान!"

महाराजांचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. "पण मला तेलुगू वाचता येत नाही, मुली."

"मान घ्यायला वाचावं कुठे लागतं, महाराज? शंख तर चारही भाषांत सारखाच वाजतो!"

महाराजांनी एकदा बटणाकडे पाहिलं, एकदा शंखवाल्याच्या फुगलेल्या गालांकडे, आणि पोट धरून हसत सुटले! मग त्यांनी चार बटणं दाबली, चार शंख झाले, आणि शंखवाला मटकन खाली बसला.

पुन्हा दरबारात आलेल्या विणकराने तेलुगूचं बटण दाबलं. वाचता वाचता तो उडालाच! "महाराज, इथे 'हत्ती परत करणे' असंही बटण आहे!"

"दाब, दाब!" डोळे पुसत महाराज म्हणाले. अंगावरचा जरीचा शेला काढून त्यांनी कालिंदीच्या हाती दिला. "विश्राम, तुझी खुर्ची कायम! पण शेजारी हिच्यासाठी दुसरी मांडा रे. आणि ती जरा उंच असू द्या!"