हेमकला राणीचा हुकूम

एका राज्यात देवदारांचे असे दाट वन होते की सूर्याचे किरणही आत वाकून शिरत. तिथे राणी हेमकला राज्य करी. एके दिवशी धूम्रकेश नावाचा जादूगार दरबारी आला.

"राणी, माझ्या भट्टीला हे वन हवे. त्याच्या राखेतून मी अमर होईन."

"वन माझ्या आश्रयाला आहे," राणी म्हणाली. "आश्रितांना आम्ही जाळीत नाही."

जादूगाराने मूठभर राख फुंकली. "मग अशी लहान हो, की तुझा शब्द कुणाच्या कानी पडू नये!"

राणीची अंगठ्याएवढी पाखरी झाली. मुकुटाची डोक्यावर एक सोनेरी रेघ उरली. जादूगार सिंहासनावर बसला आणि त्याने कुऱ्हाडींना धार लावायला सांगितली.

पाखरी थेट शिखरावरच्या वृद्ध गरुडाकडे गेली. सिंहासनाचा तंटा तोच निवडीत असे. तिचे बोलणे ऐकायला त्याला मान खाली आणावी लागली.

"मी या राज्याची राणी आहे."

"दिसत नाहीस."

"न्याय दिसण्यावर होतो काय?"

गरुडाने पंख झटकले आणि जादूगाराला बोलावून घेतले. "तीन कसोट्या होतील. हरेल त्याची विद्या निष्फळ, जिंकेल त्याचे सिंहासन."

पहिली कसोटी : देवदाराच्या शेंड्यावरचे बी आणायचे, पण फांदीवरचे हिम ढळू द्यायचे नाही. जादूगार धूर होऊन वर चढला. त्याच्या उष्णतेने हिम वितळून ओघळले. पाखरी डहाळीच्या टोकाला उलटी लोंबली, बी घेऊन आली. हिमाचा कणही हलला नाही.

दुसरी कसोटी : उघड्या कड्यावर हिमवादळ सोसायचे. जादूगाराने अग्नीचे कडे केले. वाऱ्याने ते विझवले, तसा तो गुहेत पळाला. इकडे वनातली चिमणी पाखरे राणीसाठी धावून आली आणि एकमेकांना खेटून बसली. "महाराणी, मध्ये बसा, ऊब आहे."

"राणीची जागा वाऱ्याकडे," ती म्हणाली आणि कडेला बसली. वादळ सरले तेव्हा तिचे पंख गोठले होते, पण मान ताठ होती.

जादूगार घाबरला. हळूच म्हणाला, "एकदा मस्तक लव. आत्ता तुला माणूस करतो."

"लहान झाले, म्हणून लवायला सोपी झाले असे समजू नकोस."

तिसरी कसोटी : वनाला हाक घालायची. जादूगार असा गर्जला की कडे कोसळले. पण एकही देवदार हलला नाही. मग पाखरीने चोच उघडली. तिचा स्वर सुईच्या टोकाइतका बारीक. जादूगाराला तो ऐकूच आला नाही.

"गातेय कुठे?" तो हसला.

तोच साऱ्या खोऱ्यातले देवदार एकदम लवले. फांद्यांवरचे हिम धडधडत खाली आले आणि अवघे वन हिरवेगार उभे राहिले.

"न्याय झाला," गरुड म्हणाला.

राणी आपल्या रूपात उभी राहिली. धूम्रकेशाच्या मुठीतली राख साधी राखच राहिली. तो पाया पडू लागला, तेव्हा राणी म्हणाली, "ऊठ. आमच्या राज्यात कुणी लोळण घेत नाही. सीमा समोर आहे, चालत जा."

तो गेला. लाकूडतोड्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या, दरबार भरला, राज्य सुखी झाले. ही कथा जो ऐकेल, त्याचीही मान अशीच ताठ राहो.