वळणावरची खडी

“गाडी गेली की रूळ पुन्हा जागेवर येतो, सर. मग काळजी कसली?”

केतकी नाडगौडाने मोबाईलवरचा आलेख मुजावर सरांच्या पुढ्यात धरला. गाडी आली की रेघ उसळत होती, गाडी गेली की खाली येऊन सपाट होत होती.

सरांनी चष्मा पुसून पाहिलं. “जागेवर येतो म्हणतेस?”

“दर वेळी. एकदाही चुकलेला नाही.”

इस्माईल मुजावर आयुष्यभर रेल्वेत इंजिनिअर होते. शेवटची काही वर्षं नव्या इंजिनिअरांना शिकवायचे. निवृत्त झाल्यावर या आडगावी, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर येऊन राहिले होते. केतकी त्यांची लाडकी विद्यार्थिनी, आता याच मार्गावर इंजिनिअर. पोरगी हुशार होती, आणि ते तिला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे.

गावाबाहेर लोहमार्ग टेकडीला वळसा घालून जातो. त्या वळणाने सगळ्यांना जेरीस आणलं होतं. ट्रॅकमननी खडी भरावी, ठोकून घट्ट बसवावी, आणि काही दिवसांत मार्ग पुन्हा वाकडा व्हावा. म्हणून तिथे गाड्या रांगत जायच्या. केतकीने रुळांना हालचाल टिपणारे सेन्सर लावले, सगळा हिवाळा त्यावर नजर ठेवली आणि निष्कर्ष काढला, की वळण आता स्थिरावलं. उद्यापासून गाड्या पूर्ण वेगाने सोडायला हरकत नाही, असं तिने वरिष्ठांना कळवूनही टाकलं होतं.

सरांकडे ती सल्ला मागायला आली नव्हती. शाबासकी घ्यायला आली होती.

“मेहनत घेतलीस,” सर म्हणाले. तिचा चेहरा फुलला. “पण रुळाची जागा कोणती, हे यंत्राला कोण सांगतं?”

“सांगायचं काय त्यात? गाडी यायच्या आधी रूळ जिथे असेल, तिथे यंत्र शून्य धरतं. दर गाडीला नव्याने.”

“दर गाडीला?”

“नाहीतर आकडे सरकत जातात, सर. कालचे आजच्याशी जुळत नाहीत.”

“सरकत जातात...”

“अगदी किरकोळ. यंत्राचाच काहीतरी दोष असणार.”

सर काठी घेऊन उठले. “चल, पाय मोकळे करून येऊ.”

वळणावर ऊन मी म्हणत होतं. झेंड्या घेऊन उभा असलेला ट्रॅकमन सदू गवंडी सरांना ओळखत होता. मालगाडी येतेय म्हणून त्याने दोघांना लांब, लिंबाखाली बसवलं.

गाडी आली. जमीन थरथरली, धुरळा उठला. शेवटचा डबा टेकडीआड गेला आणि सदूने हिरवी झेंडी हलवून मार्ग मोकळा असल्याची खूण केली.

केतकी कपडे झटकत उठली. “झालं, सर. गेली गाडी.”

“गाडी गेली,” सर म्हणाले. “खडी अजून चाललीय.”

ते काठी टेकत मार्गाजवळ गेले, कष्टाने खाली वाकले आणि उताराच्या खडीवर तळहात पालथा ठेवून तसेच बसले.

केतकीला अवघडल्यासारखं झालं. सदू बघत होता. पण सर हात उचलेनात, तेव्हा तीही शेजारी बसली. तिने हात टेकला. दगड चांगलेच तापले होते.

काहीच होईना...

मग तिच्या बोटांखाली एक खडा हलला. कुणीतरी कूस बदलावी तसा. खाली कुठेतरी टक् झालं. दुसरा एक खडा घरंगळला आणि थांबला.

केतकीने मान वर केली. वळणावर बाहेरचा रूळ उंच, आतला खाली. उंच बाजूला रुळांखालच्या आडव्या स्लीपरची टोकं उघडी पडली होती, बरगड्यांसारखी. खालच्या बाजूला खडीचा ढीग. इथे ती कितीदा तरी आली होती. आली की यंत्रावर वाकायची आणि परत जायची.

“सर...”

“हं.”

“दर गाडीला खडी जराशी उतरतेय. रूळही तिच्यामागे जराजरासा सरकतोय. आणि मी दर गाडीला ते पुसून टाकलं.” तिने स्लीपरच्या उघड्या टोकांकडे बोट केलं. “या उन्हात रूळ तापून लांबला, तर बाहेरच्या अंगाने त्याला धरायला खडीच नाही. आणि मी वेग वाढवा म्हणून सांगितलंय.”

सरांनी खडीवरचा हात काढला नाही.

“फोनला इथे रेंज येते,” ते हळूच म्हणाले.

तिने आपल्या वरिष्ठांना, तोरणे साहेबांना, फोन लावला. पलीकडून बराच वेळ आवाज चढत राहिला. “सगळीकडे कळवून झालंय, आता मी काय तोंड दाखवू?”

“माझं नाव सांगा, साहेब. चूक माझी आहे. पण उद्या गाड्या जोरात सोडू नका... नाही साहेब, खात्री आहे. मी वळणावरच बसलेय.”

शेवटी साहेब नमले. तिने फोन खाली ठेवला आणि तिथेच गुडघ्यात डोकं घातलं. सरांनी पाण्याची बाटली पुढे केली.

पाणी पिऊन ती म्हणाली, “तुम्हाला घरीच कळलं होतं. तिथेच का नाही बोललात?”

“बोललो असतो, तर तू मला समजावून सांगितलं असतंस.”

तिला रडता रडता हसू आलं. डोळे पुसून ती उठली. पुढचं काम तिच्या डोक्यात सुरू झालंच होतं.

“आता रुळावर शून्य धरायचंच नाही. बाहेरून मोजायचं. जे हलत नाही, अशा एखाद्या ठिकाणाहून.”

तिने आजूबाजूला पाहिलं. सिग्नलचा खांब किंचित कलला होता. त्याच्यामागच्या टेकडीची माती गेल्या पावसाळ्यात घसरली होती, तो लालसर चट्टा अजून दिसत होता. लिंबाच्या मुळांनी कुंपणाची भिंत उचलली होती.

“सर... इथे न हलणारं काय आहे?”

सरांनी टेकडीकडे पाहिलं.

“शोध,” ते म्हणाले. “सापडलं, की मलाही दाखव.”