खंड्याचा फोटो

तळ्यात अजून मासे होते तेव्हाची ही गोष्ट. गाळ उपसायला पैसे हवेत म्हणून कॉलेजच्या मुलांनी काठावर पक्ष्यांच्या फोटोंची स्पर्धा भरवली. बिळातल्या पिल्लांसाठी खंड्या पक्षी सूर मारायला निघाला, की मुलं कॅमेरे घेऊन पुढे सरसावायची, पाण्यावर सावल्या पडायच्या आणि मासे तळाशी पळायचे. उन्हं कलली तरी चोच रिकामीच. शेवटी तो दमून, डोळे मिटून फांदीवर बसून राहिला.

थोड्या वेळाने म्हातारं कासव निकाल ऐकून आलं. “लेका, तुझ्या फोटोला पहिला नंबर! डोळे मिटलेला तो. नाव दिलंय, ‘तृप्ती’.”

खंड्याने एक डोळा उघडला. “बरं झालं, कासवदादा. आता सगळी घरी गेली का, तेवढं बघा. उजेड आहे तोवर एखादा मासा मिळेल.”